श्मश्रू-कुंचला
श्मश्रू-कुंचला : (दाढीचा ब्रश). वाटीत साबणाचा फेस घोटून गालांस लावण्याचे साधन. डुकराचे राठ केस, घोड्याचे केस किंवा बॅजरचे केस मुठीत बसवून तो करतात. केसांत पाणी धरून राहते, त्यामुळे फेस दाट होतो व दाढी मऊ पडते. पहिल्या महायुद्धात दूषित घोडकेसांच्या कुंचल्यांमुळे सांसर्गिक काळपुळीची लागण झाली. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी कुंचल्यांच्या आयातीवर बंदी घातली.

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील महाड-पोलादपूर भागात, इतरत्रप्रमाणेच, बलुतेदार न्हावी धोकटीतील वाटीतून पाणी घेऊन हातानेच दाढी भिजवी. कुंचला पुढे केशकर्तनालयांबरोबर आला. तोच कुंचला अनेकांच्या गालांवरून फिरे. अस्पृश्य मानलेल्यांच्या मात्र नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तरी न्हाव्याची वाटी दूरच राहिली. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी ‘दुकान’ या शब्दात केशकर्तनालय येते काय, अशी पृच्छा झाली. सेवा मागणाऱ्या कोणासही ती देण्याची जागा, असा व्यापक अर्थ आंबेडकरांनी सांगितला. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने अशी सेवा नाकारणे दंडनीय ठरविले.