दोष कोणाचा? : स्वमग्नतेच्या निदानाचा इतिहास



मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा अशा माणसाने वैद्यकातील विषयावर बोलावे ही अनधिकार चेष्टाच होय. परंतु या विषयाची एक बाजू माझ्या धंद्यातली आहे. कारखान्यात अपघात झाला की चौकशी बसते, आणि तिचा पहिला निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो : कामगाराचा निष्काळजीपणा. यंत्राला जाळी होती काय, पाळी किती तासांची होती, हे प्रश्न मागाहून येतात. आणि तेही कोणीतरी नोंदवही काढून समोर ठेवली तर. जो यंत्राच्या सर्वांत जवळ उभा, त्याच्यावर दोष जातो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाची पत्नी चार वर्षांच्या मुलाला घेऊन कचेरीत आली. मूल बोलत नव्हते, हाकेला वळून पाहत नव्हते. टेबलावरचे रबरी शिक्के एका ओळीत लावीत बसले होते. बाईंनी विचारले, "भाऊ, सगळे म्हणतात, मी कामाला जाते म्हणून हा असा झाला. खरं का हो?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ज्याला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो, त्या 'ऑटिझम' या शब्दाचा जन्म मुलांसाठी झालेला नाही. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ साली छिन्नमनस्कतेच्या रोग्यांचे वर्णन करताना तो वापरला. पुढे १९२५ साली मॉस्कोच्या डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांचे इतके बारकाईने वर्णन केले, की आजचा डॉक्टर ती मुले चटकन ओळखील. परंतु हे काम इंग्रजी जाणणाऱ्या जगात कित्येक दशके कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

जगाला ठाऊक झाला तो निबंध लिओ कॅनर यांचा. कॅनर हे ऑस्ट्रियन गॅलिशियात १८९४ साली जन्मलेले, १९२४ साली अमेरिकेत गेलेले डॉक्टर; बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते मुलांचे मनोविकार पाहत. १९३८ साली मिसिसिपी राज्यातील एका वकिलाने आपल्या डोनाल्ड नावाच्या मुलाविषयी त्यांना तेहतीस पानांचे पत्र पाठविले. मूल काय खाते, काय मोजते, कोणते शब्द उलटसुलट म्हणते, कशाने बिथरते, सारे त्यात होते. हे पत्र आपण विसरू नये. या निदानाचा पहिला भरभक्कम पुरावा प्रयोगशाळेतून आलेला नाही. तो एका घरातून आला.

१९४३ साली कॅनर यांनी डोनाल्डसह अकरा मुलांची हकीकत छापली. त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. दोन गोष्टी त्यांनी मुख्य मानल्या : माणसांपासून अलिप्तपणा, आणि रोजच्या क्रमात तिळमात्र बदल न खपणे. ही अवस्था जन्मजात असावी, असेही त्यांनी लिहिले. परंतु त्याच निबंधात, या मुलांच्या आईबापांत मायेची ऊब असलेले फार थोडे दिसले, असा शेरा त्यांनी मारला. आणि १९४९ साली तर ही मुले जणू शीतपेटीत ठेवल्यासारखी वाढली, अशी उपमा दिली. त्या उपमेतूनच 'रेफ्रिजरेटर मदर', म्हणजे बर्फासारखी थंड आई, हे विशेषण रूढ झाले.

येथे माझ्यातला चौकशी समितीचा माणूस जागा होतो. बाल्टिमोरच्या त्या दवाखान्यापर्यंत कोण पोचत होते? वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांची मुले. शेतमजुराच्या किंवा गिरणीकामगाराच्या मुलाला शेकडो मैलांवरच्या तज्ज्ञाकडे कोण नेणार? दारात आलेल्यांवरून साऱ्या गावाचा निकाल दिला गेला, आणि हा शिकलेल्या व थंड स्वभावाच्या घरांचा विकार आहे अशी समजूत पसरली.

व्हिएन्नाचे हान्स आस्पेर्गर यांनी १९४४ साली, बोलता येणाऱ्या परंतु चमत्कारिक वाटणाऱ्या चार मुलग्यांचे वर्णन केले. त्यांचे नाव पुढे एका निदानाला मिळाले. परंतु २०१८ साली जुने दप्तर तपासून प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की नाझी अमलात त्यांनी काही अपंग मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेकडे पाठविले होते, आणि तेथे मुलांना मारले जात असे. निदान करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे यावरून ध्यानात यावे.

आईवरचा आळ सर्वांत जोराने घातला तो शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी. ते स्वतः डाखाउ व बूखेनवाल्ड येथील छळछावण्यांतून वाचलेले. १९६७ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या मुलांची स्थिती छावणीतल्या कैद्यांसारखी असल्याचे सांगितले. याचा अर्थ उघड होता. छावणी म्हणजे घर, आणि पहारेकरी म्हणजे आई! मुलाला आईपासून दूर ठेवणे हाच मग उपचार ठरला. किती मातांनी ही शिक्षा मुकाट्याने भोगली असेल!

हा आळ उतरला तो आपोआप नव्हे. अमेरिकेच्या नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांना स्वमग्न मुलगा होता. मिळेल तेवढे वाङ्मय वाचून त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहिला आणि हा मेंदूचा व शरीराचा प्रश्न आहे, वात्सल्याच्या अभावाचा नव्हे, असे प्रतिपादन केले. त्याला प्रस्तावना दिली ती खुद्द कॅनर यांनी. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील पालकांनी राष्ट्रीय संघटना उभारली. लंडनच्या पालकांनी आपली संस्था १९६२ सालीच काढली होती. १९६९ साली त्या अमेरिकन पालकांच्या सभेत कॅनर उभे राहिले आणि आपण आईबापांना दोषमुक्त करतो, असे त्यांनी जाहीर केले. संघटित झालेल्यांसमोरच असे शब्द उच्चारले जातात, हा माझाही अनुभव आहे.

परंतु दोषमुक्तीला पुरावा लागतो, आणि तो मोजदादीने दिला. व्हिक्टर लॉटर यांनी इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यातील आठ ते दहा वर्षांच्या सुमारे ७८,००० मुलांचा तपास केला. दर दहा हजारांत साडेचार हे त्यांचे प्रमाण १९६६ साली प्रसिद्ध झाले. १९७७ साली सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. दिसायला हुबेहूब, म्हणजे एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. भिन्न बीजांपासून झालेल्या दहा जोड्यांत अशी एकही नाही. जुळी म्हणजे तेच घर आणि तीच आई. मग फरक कशाचा? आनुवंशिकतेचा. आकडे थोडे होते, पण दिशा पक्की होती, आणि पुढील संशोधनाने तीच दृढ केली.

लोर्ना विंग या स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि एका स्वमग्न मुलीची आई. त्यांनी ज्यूडिथ गूल्ड यांच्यासह दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल या, कष्टकरी वस्तीही असलेल्या भागातील मुले पाहिली. दारात येणाऱ्यांवर न थांबता त्या भागातील सुमारे ३५,००० मुलांमधून अडचण असलेली प्रत्येक मुले-मुली त्यांनी धुंडाळली. १९७९ साली निष्कर्ष आला. कॅनर यांच्या वर्णनात चपखल बसणारी मुले थोडी होती. परंतु माणसांत मिसळणे, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हींत अडखळणारी मुले दहा हजारांत वीसच्या आसपास होती. आणि १९८० साली विंग यांनी दाखविले, की हा विकार वर्ग पाहत नाही. वर्गभेद होता तो दवाखान्याच्या दारात.

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात बाल-स्वमग्नतेला स्वतंत्र जागा मिळाली. २०१३ साली आस्पेर्गर यांच्या नावाचे निदानही एकाच विस्तृत पटात सामावले गेले. आजही रक्ततपासणीने हे निदान होत नाही. मूल खेळते कसे, पाहते कसे, बोलते कसे हे पाहून आणि आईबापांना तपशील विचारूनच ते करतात. ते तेहतीस पानांचे पत्र आजही लिहिले जात आहे, असेच म्हणा ना. अमेरिकेतील आठ वर्षांच्या मुलांत २००० साली दर १५० मागे एक नोंदले गेले होते, २०२२ साली दर ३१ मागे एक. व्याख्या रुंदावली, शोध वाढला, हे या वाढीचे मोठे कारण आहे. मुली आणि किशोरवयीन मुले पूर्वी निसटून जात, ती आता दिसू लागली आहेत.

तरी दोष शोधण्याची खोड जात नाही. १९९८ साली बारा मुलांवरील एका निबंधाने लसीकडे बोट दाखविले. २०१० साली तो मागे घ्यावा लागला. मधल्या काळात लस टोचून घेतली म्हणून कित्येक आया पुन्हा स्वतःला कोसत बसल्या.

डोनाल्डचे पुढे काय झाले? १९७१ साली कॅनर यांनी त्या अकरांचा पुन्हा शोध घेतला. सरकारी मनोरुग्णालयांत कोंडली गेलेली मुले खुरटली होती. डोनाल्ड मात्र काही वर्षे एका खंडकरी शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितली. मक्याच्या ओळी मोजायच्या, तर नांगर चालवीत मोज म्हणाले. तो पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरी करू लागला. आनुवंशिकता जे देते ते देते. पण मुलाला माणसांत जागा द्यायची की नाही, हे आपल्या हाती असते.

आपल्याकडे दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आले.

त्या बाईंना मी पुढे घरी जाऊन भेटलो. म्हटले, "ताई, ऐंशी वर्षांची चौकशी वाचून आलो. तुमच्यावरचा आरोप सिद्ध होत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. आतून एक वही घेऊन आल्या. मूल कोणत्या दिवशी काय खाते, कशाने दचकते, कोणता शब्द म्हणते, हे त्यांनी दोन वर्षे लिहून ठेवले होते. ती वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो.