पाणी स्वच्छ दिसतंय, मग मासे का मरतात? घरगुती ॲक्वापोनिक्समधील पाण्याची ओळख

खाली टाकीत मासे, वर खडीच्या वाफ्यात मेथी-पालक, आणि मोटारीने दोघांत फिरणारं एकच पाणी. परसात किंवा गच्चीवर ॲक्वापोनिक्सची अशी मांडणी सहज करता येते. मात्र अनेकदा पहिल्याच महिन्यात मासे मरून तरंगतात आणि घरचे म्हणतात, पाणी तर काचेसारखं होतं! खरं विष डोळ्यांना दिसत नाही.

आधी जिवाणू, मग मासे

माशांचे उत्सर्जन आणि उरलेले खाद्य यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना घातक, तिसरे झाडांचे खत. नव्या खडीवर हे जिवाणू बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकावे. अमोनिया आणि नायट्राइट वाढून पुन्हा शून्याजवळ आले, की थोडे थोडे मासे सोडावेत. जुन्या चालू टाकीतली मूठभर खडी मिळाली तर काम लवकर होतं.

काय मोजायचं?

- अमोनिया, नायट्राइट : शून्याजवळ. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये.
- सामू (पीएच) : 6.5 ते 7.5.
- विरघळलेला ऑक्सिजन : लिटरला 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त.

अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासायचे किट शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते.

बोअर आणि नळाचे पाणी

बोअरच्या पाण्याचा सामू बऱ्याच ठिकाणी 8 च्या आसपास असतो. सामू आणि तापमान वाढलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. शिवाय झाडांना लोह मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात. अशा पाण्यात साठवलेले पावसाचे पाणी मिसळावे. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ते एक-दोन दिवस उघड्या पिंपात ठेवूनच वापरावे.

लाईट गेल्यावर

उन्हाळ्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर हवा कमी पडतेय. बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवावा. तो नसेल तर टाकीतलेच पाणी बादलीने उंचावरून परत ओतत राहावे.

अमोनिया वाढला तर

खाद्य लगेच बंद करावे, एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे, हवा वाढवावी. मेलेला मासा आणि तळाचे खाद्य काढून टाकावे. एरवीही 5 ते 10 मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. वाफ्यावर कीटकनाशक मारू नये, ते थेट माशांपर्यंत जातं.

सुरुवातीला दिवसाआड आणि टाकी स्थिरावल्यावर आठवड्यातून एकदा पाणी तपासून आकडे वहीत लिहावेत. आकडा वर सरकायला लागला की वहीत लगेच दिसतं, आणि मासे वाचवायला वेळ मिळतो.