मधुमक्याच्या वाफ्यात सोबतीची पिके : चंडीगडच्या परसबागेचा विचार

चंडीगड : ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार १९५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या चंडीगड शहरात अनेक घरांच्या पुढे-मागे मोकळी जागा राखलेली आहे. या जागेत भाजीपाल्याबरोबर मधुमका, म्हणजेच बाजारातील स्वीट कॉर्न, घेता येतो. मक्याच्या दोन ओळींमधील जागा सुरुवातीचे काही आठवडे रिकामीच असते. तिचा उपयोग करण्यासाठी सोबतीचे पीक लावावे, असे सर्वत्र सांगितले जाते. मात्र ते पीक कोणते असावे, याचे उत्तर मक्याचे कणीस केव्हा काढायचे यावर अवलंबून आहे.

तीन बहिणींची पद्धत

सोबतीच्या पिकांची चर्चा निघाली की उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या ‘तीन बहिणीं’चे उदाहरण दिले जाते. मका, वेलीचा घेवडा आणि भोपळा ही ती तीन पिके होत. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकतात आणि तण दबून राहते. मेक्सिकोतील ‘मिल्पा’ ही शेतीपद्धतीही याच तत्त्वावर उभी आहे.

ही पद्धत उत्तम असली, तरी ती वाळलेल्या धान्यासाठी घडलेली आहे. तेथे मक्याची कणसे ताटावरच पूर्ण वाळेपर्यंत ठेवली जातात आणि तिन्ही पिकांची काढणी हंगामाच्या अखेरीस होते. मधुमक्याचे तसे नाही. कणसाचे केस बाहेर पडल्यानंतर साधारण तीन आठवड्यांत, दाणा दुधाळ असतानाच, कणीस काढावे लागते. पुढे दाण्यातील साखरेचे पिष्टमय पदार्थात रूपांतर होते आणि गोडी उतरते. त्या मोजक्या दिवसांत वाफ्यात वारंवार शिरावे लागते. भोपळ्याचे वेल पसरलेले असतील, तर ते पायाखाली तुडवले जातात. शिवाय मधुमक्याचे ताट धान्याच्या मक्यापेक्षा सहसा बुटके व नाजूक असते. जोमदार वेल चढला, तर वाऱ्यापावसात ते आडवे होते. म्हणून मधुमक्यासाठी बुटकी, झुडपासारखी वाढणारी आणि लवकर हाती येणारी पिके निवडणे हिताचे ठरते. झुडपी चवळी, झुडपी फरसबी, मूग, मुळा आणि कोथिंबीर ही अशी पिके आहेत.

नत्राविषयीचा गैरसमज

द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, हे सर्वश्रुत आहे. यावरून शेजारी चवळी लावली की मक्याला खताची गरज राहत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो बरोबर नाही. उगवणीनंतर गाठी तयार होऊन कामाला लागण्यास साधारण तीन आठवडे जातात. त्यानंतर मिळणारे नत्रही बहुतांशी ते द्विदल पीक स्वतःच वापरते. मुळे, पाने आणि गाठी कुजल्यावर ते जमिनीत मिसळते. त्यामुळे त्याचा मुख्य लाभ पुढच्या पिकाला होतो.

मका हे खादाड पीक आहे. त्याला दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत लागवडीपूर्वी द्यावे. रासायनिक खत वापरायचे असल्यास दर चौरस मीटरला सुमारे २५ ग्रॅम युरिया पुरेसा होतो. तो पेरणीच्या वेळी, रोपे गुडघ्याएवढी झाल्यावर आणि तुरा येण्यापूर्वी अशा तीन हप्त्यांत विभागावा. सोबतीच्या पिकावर विसंबून खत कमी केल्यास पाने पिवळी पडतात आणि कणसे अर्धवट भरतात.

हंगाम आणि उन्हाची दिशा

चंडीगडमध्ये फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत रात्री थंड असतात, तर मेच्या उत्तरार्धात पारा अनेकदा ४० अंशांच्या पुढे जातो. मधुमक्याचे सुरकुतलेले बी थंड व ओल्या जमिनीत सहज कुजते. उलट, तुरा येण्याच्या काळात उष्ण वारे लागले, तर पराग निकामी होतात आणि कणसाचे केस वाळतात. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरणी करणे सोयीचे असते. साधारण ७५ ते ८० दिवसांत, म्हणजे मेमध्ये, कणसे हाती येतात. याच सुमारास चवळी व फरसबी पेरता येते. पावसाळी पीक घ्यायचे असल्यास वरंब्यावर पेरावे, कारण मुळांशी पाणी साचलेले मक्याला मानवत नाही. ऑगस्टच्या पेरणीत मुळा, पालक आणि मेथी ही सोबतीची पिके सप्टेंबरमध्ये घालता येतात.

महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या बागकामप्रेमींनी आणखी एक फरक लक्षात घ्यावा. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात काही आठवडे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकतो. चंडीगड सुमारे ३०.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो. म्हणून उंच मका बागेच्या उत्तर टोकाला लावावा, म्हणजे इतर भाज्यांचे ऊन अडत नाही. कोथिंबीर, पालक अशी कोवळी पिके मक्याच्या पूर्वेला घेतल्यास एप्रिल-मेमध्ये त्यांना दुपारनंतर सावली मिळते.

वाफ्याची आखणी

मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते. तुऱ्यातून पडलेला पराग कणसाच्या प्रत्येक केसावर पोहोचला, तरच तितके दाणे भरतात. कुंपणालगत एकच लांब ओळ लावल्यास पराग वाऱ्याबरोबर निघून जातो. त्यामुळे मका नेहमी चौकोनी वाफ्यात, किमान चार ओळींत लावावा. तीन मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद वाफ्यात ६० सेंटीमीटर अंतरावर चार ओळी आणि ओळीत २० सेंटीमीटरवर एक रोप या हिशेबाने सुमारे ६० झाडे बसतात. दोन ओळींच्या मधोमध चवळी किंवा मुगाची एक ओळ पेरावी. मक्याला मातीची भर देताना ती दबणार नाही याची काळजी घ्यावी.

त्याच बागेत लाह्यांचा किंवा धान्याचा मका एकाच वेळी लावू नये. त्यांचा पराग मधुमक्याच्या केसावर पडल्यास तो दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो. दोन्ही हवे असतील, तर पेरणीत किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

शेजार कोणाचा टाळावा

मक्याशेजारी टोमॅटो लावणे योग्य नव्हे. कापसावर बोंडअळी, हरभऱ्यावर घाटेअळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी म्हणून ओळखली जाणारी हेलिकोव्हर्पा ही कीड मक्याच्या कणसातही शिरते. दोन्ही पिके लगत असल्यास तिला सलग खाद्य मिळते. ज्वारीचा शेजारही टाळावा, कारण खोडकिडा दोन्ही पिकांवर येतो.

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि नंतर देशाच्या इतर भागांत पसरली. पानांवर कागदासारखे पांढुरके चट्टे आणि पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसल्यास ती अळी समजावी. परसबागेत अंडीपुंज व अळ्या हाताने वेचून नष्ट करणे आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारणे शक्य असते. हिवाळ्यातील कोथिंबिरीची काही झाडे फुलू दिल्यास त्या फुलांवर मित्रकीटक येतात. ढालकिडे मक्यावरील मावा खातात. मात्र सोबतीचे पीक हे किडीवरचे औषध नव्हे, पाहणी नियमित करावीच लागते.

झाकलेली जमीन

चंडीगडच्या पायथ्याशी असलेल्या या मातीचा इतिहास बोलका आहे. १९५८ मध्ये सुखना नाल्यावर बांध घालून सुखना तलाव तयार झाला. शिवालिकच्या उघड्या उतारांवरून वाहून आलेल्या मातीने तो वेगाने गाळाने भरू लागला. १९७० च्या दशकात त्याच्या पाणलोटातील सुखोमाजरी गावात मृद्संधारण संशोधक पी. आर. मिश्रा आणि ग्रामस्थांनी मातीचे बांध व चराईबंदीच्या आधारे डोंगर पुन्हा हिरवा केला. उघडी जमीन पावसाच्या माऱ्यात टिकत नाही, हा त्याचा धडा परसबागेलाही लागू आहे. मक्याच्या ओळींमधील चवळी किंवा उडीद पावसाचे थेंब झेलतो, तण दाबतो आणि ओलावा धरून ठेवतो. सोबतीच्या पिकाचा मक्याला त्याच हंगामात मिळणारा खरा फायदा हाच आहे.

कणसे निघाल्यावर मक्याची ताटे कापून तुकडे करून कंपोस्टात टाकावीत. चवळी उपटू नये, ती जमिनीलगत कापावी. मुळे व गाठी मातीत राहिल्या की त्यातील नत्र पावसाळ्यातील भाजीच्या कामी येते. पुढच्या वर्षी मका त्याच वाफ्यात न घेता जागा बदलावी.