बांधकाम-कारागिरांचे परवाने (टेक्सस)

अमेरिकेत कारागिरांना परवाने देण्याचा अधिकार केंद्रसत्तेकडे नसून घटक राज्यांकडे असल्याने एकाच धंद्याचे नियम राज्याची सीमा ओलांडताच पालटतात. टेक्ससमध्ये इमारतींच्या सर्वसाधारण कंत्राटदारास राज्याचा परवाना लागत नाही. परंतु ज्यांतील हयगय रहिवाशांच्या जिवावर बेतू शकते, अशी वीजजोडणी व नळकाम यांसारखी कामे परवान्याच्या कक्षेत येतात. नळकामाचा कायदा 1947 चा, तर वीजकारागिरांसाठी राज्यव्यापी परवाना ठरविणारा कायदा 2003 चा आहे.

वीजकामात मास्टर दर्जाच्या कारागिराच्या देखरेखीखाली 8,000 तास काम केल्याचा त्याच्याच सहीचा दाखला सादर करून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या उमेदवारास ‘जर्निमन’ परवाना मिळतो. मास्टर वीजकारागीर होण्यास 12,000 तासांचा अनुभव, जर्निमन म्हणून किमान दोन वर्षे व स्वतंत्र परीक्षा आवश्यक असते.

परवान्याच्या वार्षिक नूतनीकरणापूर्वी वीजकारागिरास चार, तर नळकारागिरास सहा तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे लागते. राष्ट्रीय विद्युत संहिता दर तीन वर्षांनी सुधारली जात असल्याने ही तजवीज आवश्यक ठरते. उदाहरणार्थ, गळणारा विद्युत्प्रवाह ओळखून तत्क्षणी वीज तोडणारी योजना या संहितेने 1975 साली स्नानगृहातील व 1987 साली स्वयंपाकाच्या ओट्यावरील प्लगांना लागू केली. तेव्हा जुन्या परीक्षेच्या पुंजीवर विसंबणारा कारागीर कितीही कुशल असला, तरी त्याचे काम तपासणीत नामंजूर होण्याचा संभव राहतो. स्वतःच्या राहत्या घरातील वीजकाम करणाऱ्या मालकास मात्र राज्याच्या परवान्यातून सूट आहे.