प्रोस्टेटचा कर्करोग आणि रक्ताची साक्ष

उर्दूत 'खून' म्हणजे रक्तही आणि हत्याही. मराठीत येताना हा शब्द फक्त हत्या घेऊन आला. वर्गात मुलं यावर हमखास हसतात. मला इथे रक्ताबद्दलच लिहायचंय, कारण प्रोस्टेटच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास वाचताना ते पानोपानी भेटतं.

१९४१ साली शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिलं की वृषणं काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिलं, तर पसरलेला हा कर्करोग मागे हटतो. पुरावा त्यांनी रक्तातच शोधला. अ‍ॅसिड फॉस्फटेज नावाच्या विकराचं रक्तातलं प्रमाण उपचारानंतर खाली आलं. १९६६ मध्ये हगिन्स यांना नोबेल मिळालं. पुढे, १९८० च्या दशकात, शस्त्रक्रियेच्या जागी इंजेक्शनं आली.

पण टेस्टोस्टेरॉनचं काम तेवढंच नाही. हाडांतल्या मगजाला लाल पेशी बनवायचा हुकूम देण्यातही त्याचा वाटा असतो. पुरुषांचं हिमोग्लोबिन स्त्रियांपेक्षा जास्त असतं ते बरंचसं त्यामुळेच. ते थांबलं की हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅमने उतरतं. माझ्या मामूंचं असंच उतरलं होतं. जिना चढताना ते मध्येच बसायचे आणि घरात सगळे "उम्र हो गई" म्हणायचे. कुणी पालक खाऊ घातला, कुणी खजूर. लोहाची कमतरता नसेल, तर लोहाच्या गोळ्यांनीही यात फरक पडत नाही. अर्थात, प्रत्येक वेळी दोष उपचाराचाच असतो असंही नाही. कर्करोग मगजात शिरला, तर अर्धवट वाढलेल्या पेशी रक्तात दिसू लागतात. दोन्हींत फरक करायला तपासणीच लागते.

किरणोत्साराची कथा मात्र अधिक चटका लावते. रेडियम शोधणाऱ्या मारी क्युरी १९३४ मध्ये मगजच निकामी होणाऱ्या रक्तक्षयाने गेल्या; मुलगी आयरीन १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने. त्याच रेडियमचं एक रूप, रेडियम-२२३, २०१३ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झालं. ते कॅल्शियमसारखं हाडात जाऊन बसतं. त्याचे अल्फा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागापलीकडे फारसे जात नाहीत, म्हणून मगज बराचसा वाचतो. तरी सहा इंजेक्शनांपैकी प्रत्येकाआधी रक्त तपासावं लागतं.

औषधांचंही तसंच. १९९६ मध्ये मायटोझँट्रोन या रोगाच्या वेदनेसाठी मंजूर झालं आणि काही रुग्णांत त्याने रक्ताचा कर्करोग उद्भवल्याचं आढळलं. २०२० मध्ये ठरावीक जनुकदोष असलेल्या रुग्णांसाठी ओलापॅरिब आलं, तेही मगजाच्या आजाराचा इशारा सोबत घेऊनच. धोका क्वचितचा आहे, पण खरा आहे. आणि तो वेळीच दिसतो तो साध्या सीबीसीत, जिचा कागद आपण बहुतेक वेळा न वाचताच फाइलमध्ये सरकवतो.