साल्हेरच्या माथ्यावर राज्याची वाटणी

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मित्र साल्हेरला गेलो. एक नागपूरचा, नोकरीमुळे नाशकात स्थायिक झालेला. दुसरा सटाण्याचा, घरी अहिराणी बोलणारा. तिसरा पंचवटीतला आणि मी जुन्या नाशकातला. फज्रची नमाज पढून द्वारकेला पोहोचलो, तेव्हा गाडी उभीच होती. वाटेत सटाण्याला नाश्ता केला आणि ताहाराबाद, मुल्हेर करत साल्हेरवाडी गाठली.

साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर. 1672 साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले होते. तीन तास चढून आम्ही परशुराम मंदिरापाशी टेकलो. बाजूला सालोटा, पलीकडे मांगी-तुंगी आणि पश्चिमेला दूरवर डांगचे जंगल. डबे उघडले. सोबत आलेल्या वाटाड्याने हात लांब करून सांगितले, "ते तिकडचं सारं गुजरात."

आम्ही बराच वेळ बघत राहिलो. डोंगर तसेच, झाडे तशीच. रेषा कुठे दिसेना. ही रेषा 1 मे 1960 ची. त्याआधी साडेतीन वर्षे नाशिक आणि डांग एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होते. राज्य दुभंगले तेव्हा डांगवर दोघांनी हक्क सांगितला. तिथली बोली मराठीची की गुजरातीची, यावर विद्वान भांडले. बोलणाऱ्यांच्या तोंडात मात्र दोन्हीकडचे शब्द सुखाने नांदत होते. शेवटी डांग गुजरातेत गेला.

त्यावरून नागपूरकर मित्राने त्याचा आवडता विषय काढला. "आम्हाला पण जाऊ द्या की. 1956 पर्यंत नागपूर राजधानी होतं. फाजल अली आयोगाने 1955 मध्ये विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचं वेगळं राज्य सुचवलं होतं. 1953 च्या नागपूर कराराचा शब्द किती पाळला? वर्षातून एक अधिवेशन घेतलं की झालं का?"

सटाणेकर तापला. "संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून जास्त माणसं गेली, ती उगाच? तुम्हाला आणखी एक फाळणी पाहिजे काय?"

फाळणी हा शब्द आला आणि दोघांची नजर क्षणभर माझ्याकडे वळली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण हा शब्द निघाला की मुसलमानाकडे बघायचे, ही सवय आपल्या समाजात इतकी मुरली आहे की चांगल्या मित्रांनाही ती कळत नाही. पंचवटीकर हसत म्हणाला, "तू काही बोलत नाहीस. तुला काय, तुमची भाषा उर्दू."

मी म्हणालो, "अरे, ज्या चळवळीचा तू अभिमान सांगतोस, तिच्या सभा गाजवणारा शाहीर अमर शेख. बार्शीचा, नाव मेहबूब. त्याला कोणी विचारलं होतं का, तुझी भाषा कोणती?"

मग मी नानांची गोष्ट सांगितली. माझे आजोळ नांदेडचे. 31 ऑक्टोबर 1956 च्या रात्री नाना हैदराबाद राज्यात झोपले आणि सकाळी मुंबई राज्यात उठले. 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. घर तेच, गल्ली तीच. हैदराबादचे तीन तुकडे झाले, तेव्हा त्यांचे एक नातलग बिदरला म्हैसूर राज्यात राहिले, बहीण हैदराबादला आंध्रात राहिली. नाना म्हणत, "पत्ता दोनदा बदलला, पोस्टमन तोच." पण ते कधी याला फाळणी म्हणाले नाहीत. बहिणीकडे जायला त्यांना एसटीचे तिकीट पुरत होते. फाळणीत व्हिसा लागतो, आणि माणसे परत येत नाहीत. दोन्हींना एकच शब्द लावला की 1947 चे दुःखही स्वस्त होते आणि साध्या प्रशासकीय मागणीवर देशद्रोहाचा डाग पडतो.

1955 मध्येच डॉ. आंबेडकरांनी भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिले. मुंबई शहराचे वेगळे राज्य आणि उरलेल्या मराठी मुलखाची पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी तीन राज्ये करावीत, असे त्यांनी सुचवले. नाशिक आणि डांग दोन्ही त्यांच्या मध्य महाराष्ट्रात होते. त्यांना कोणी मराठीचा शत्रू म्हणेल काय? एका भाषेची अनेक राज्ये असू शकतात, हे हिंदी पट्ट्याकडे बघून कळते. 2014 पासून तेलुगूचीही दोन झाली.

फाजल अलींची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांचे आयुष्य बिहारमध्ये गेले होते, म्हणून बिहारच्या सीमेचा प्रश्न आला तेव्हा ते निर्णयातून बाजूला झाले. रेषा ओढणाऱ्याच्या हाताला एवढा संकोच हवा.

"मग तू विदर्भाच्या बाजूने?" सटाणेकराने विचारले. मी म्हणालो, "विदर्भातल्या माणसाला विचार, मला नको."

तेवढ्यात वाटाड्या बोलला. त्याची बहीण डांगात दिलेली. आमच्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी 2022 च्या अखेरीस 'आम्हाला गुजरातेत टाका' अशी मागणी केली होती, ती त्याला माहीत होती. मी विचारले, "तुम्हाला काय वाटतं भाऊ?" तो म्हणाला, "रस्ता, पाणी, दवाखाना जिकडून येईल ते सरकार आपलं. आम्हाला विचारायला कोण येतं?"

सगळे गप्प झाले. सुरगाण्याच्या लोकांना गुजरातीचे प्रेम आले नव्हते. त्यांना पलीकडचा रस्ता दिसत होता. ज्या मराठी राज्यासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, त्याच्या कडेवरचा मराठी माणूस असे म्हणतो, तर त्याला फितूर ठरवण्याआधी त्याच्या गावचा हातपंप बघून यावे.

मी थोडे बाजूला जाऊन जोहर पढलो. परत आलो तर नागपूरकर आणि सटाणेकर एकाच डब्यातली भाकरी मोडून खात होते आणि पुन्हा भांडत होते. या वेळी विषय होता कापसाच्या भावाचा. दोघेही शेतकऱ्यांची मुले. या विषयावर मात्र त्यांचे चटकन एकमत झाले.