तळे सार्वजनिक ठरले, भूजल कुणाचे?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात वऱ्हाडातील अस्पृश्य बांधव अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी अमरावतीत जमले. हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. पण महाडचा लढा कोर्टातही दहा वर्षे चालला, हे आपण विसरतो. सवर्णांचा दावा होता, तळे खाजगी आहे. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात तो दावा हरला.

जमिनीवर हरलेला हा दावा जमिनीखाली मात्र आजही जिवंत आहे. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. म्हणजे ज्याला शेत नाही, त्याला भूजलही नाही. पिढ्यानपिढ्या जमीन कुणाकडे नव्हती, हे वेगळे सांगायला हवे काय?

आता वऱ्हाड बघा. वरूड-मोर्शीत संत्र्यासाठी इतका उपसा झाला की बोअर खोल खोल जात राहिले. अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण खारे. पाऊस लहरी झाला आहे. चार दिवसांत कोसळतो आणि वाहून जातो. म्हणून पाणी जिरवणे गरजेचेच आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा बझाडा पट्टा आहे, तिथे पाणी झपाट्याने मुरते. त्याच भरवशावर १० मे २०२५ ला भोपाळमध्ये तापी मेगा रिचार्जचा करार झाला: ३१.१३ टीएमसी पाणी, महाराष्ट्रातील २,३४,७०६ हेक्टरला लाभ.

लाभ हेक्टरात मोजला की भूमिहीन हिशेबातच येत नाही. पाणी जिरवायचे सरकारी पैशाने, खड्डे खोदायचे मजुराने आणि उपसायचे मोठ्या मोटारवाल्याने, हा कुठला न्याय?

पुनर्भरणाला आपला विरोध नाही. मागणी वाटपाची आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला बंदी केली होती. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणले. ग्रामसभेत २००९ चा कायदा वाचून दाखवा. वस्तीच्या सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगाला बंधारा मागा. मुरलेल्या पाण्यातून पहिला हिस्सा पिण्यासाठी, असा ठराव लिहून घ्या.

सरकारी पैशाने मुरवलेले पाणी सार्वजनिकच आहे. महाडचा निकाल जमिनीखाली नेणे हे आपल्या पिढीचे काम.

जय भीम!